मनगटाचा बोजा

वीरधवलचं उजवं मनगट मी मोडलं. भर सकाळी, बस्तीच्या पायरीशी, सगळ्या गावाच्या देखत.

तर असं काही झालेलं नाही. आमच्या हिंगणमळ्यात त्या दिवशी कुणी कुणाला हात लावला नाही. एक पाव्हणा कांद्यावरून घसरून पडला, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आपापल्या म्हातारपणानं मोडल्या आणि पोलीस आले ते चहाला. हे गावानं एकमतानं ठरवलं आहे. एकमत व्हायची गावाची ही पहिलीच वेळ. याआधी स्मशानाच्या शेडवरसुद्धा झालं नव्हतं. त्यामुळं ते मोडणं माझ्या जिवावर येतं. झालेलं नाही असंच धरून पुढं जाऊ.

परवा सांगलीत एसटी स्टँडामागच्या खानावळीत मी जेवत होतो. इथं मी रोज ‘कांदा-लसूण नको’ म्हणून सांगतो, मालक रोज मान डोलावतो आणि आमटी रोज तीच येते. समोर एक गृहस्थ येऊन बसले, अंगात स्वेटर, कपाळावर घाम. त्यांनी ताटातली मुळ्याची फोड उचलली, मिठात टेकवली आणि चावली. कट्. एवढंच. पण माझा हात आपोआप वर गेला, शाळेत हजेरीला जायचा तसा, आणि मी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, “मी.” वाढपी धावत आला. “काय पायजे?” काही नको म्हणालो. “मग ‘मी’ म्हनला त्ये?” सहज, म्हणालो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं आणि एक चपाती वाढून गेला. सांगलीत माणूस बिघडला असं वाटलं की आधी चपाती वाढतात. मी ती खाल्ली. समोरचे गृहस्थ दुसरी फोड उचलत होते आणि मी मनात म्हणत होतो, चावा, काका, सावकाश चावा, तुमच्या तोंडात माझा पुरावा आहे.

पुराव्याची सवय मला धंद्यामुळं आहे. गाड्यांच्या विम्याचा सर्व्हे करणाऱ्या एका साहेबांकडं मी कामाला आहे. कुठं धडक झाली की आम्ही जातो, फोटो काढतो, काचा किती लांब उडाल्या ते बघतो आणि दोष वाटतो. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, तिचे सत्तर टक्के. दुचाकीवाला मान वाकडी करून फोनवर बोलत होता, त्याचे तीस. दोघंही शपथेवर सांगतात की समोरच्याचे शंभर. साहेब त्यांना चहा पाजतात आणि मला म्हणतात, “सन्मती, शंभर टक्के चूक जगात फक्त झाडाची असते, कारण झाड क्लेम करत नाही.” इतकी वर्षं हे ऐकल्यावर माझ्या गावानं माझ्याच प्रकरणात वीरधवल शंभर, सन्मती शून्य, असा निकाल दिला तेव्हा मला आधी धंद्याचा राग आला. शून्य? रस्त्यात उभ्या असलेल्या म्हशीलासुद्धा आम्ही दहा टक्के देतो.

झालं नाही ते असं. आमचं जैनांचं दशलक्षण पर्व आणि गणपती एकाच वेळी येतात. बस्ती म्हणजे आमचं मंदिर, त्याच्या समोरच मंडळाचा मांडव. इकडं उपास, तिकडं मोदक, दोन्हीकडं धूप आणि मधे फक्त गटार. सकाळच्या पूजेला मंडळ स्पीकर बंद ठेवतं. विसर्जनाच्या मिरवणुकीला बस्तीकडून पिण्याचं पाणी जातं, तेही गाळून. मंडळाची पोरं त्यातले दोन घोट आदरानं घेतात आणि उरलेलं एकमेकांच्या अंगावर उडवतात. मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव, निवृत्त सुभेदार. त्यांची मिशी अजून नोकरीत आहे. त्यांच्या बहिणीचा मुलगा वीरधवल कोरेगावहून त्यांच्याकडं राहायला आला होता, लष्कराच्या भरतीची तयारी करायला. भरती साताऱ्याला, तीन आठवड्यांवर. पोरगं रोज उसाच्या बांधावरून पळायचं, छाती मापात, उंची मापात, आणि डोकं मापायची भरतीत सोय नाही. त्याचं मोबाईलवर एक खातं होतं. त्यावर तो लोकांना डिवचायचा आणि लोक चिडले की ते दाखवायचा. कोरेगावात त्यानं एका गवळ्याला डिवचलं होतं, एका तलाठ्याला आणि एका वळूला. वळूचा व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. तलाठ्याला दुसऱ्यांदा डिवचलं तरी कुणी पाहिलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटायचं.

आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यानं मला विचारलं होतं, “सन्मतीदा, तुमच्यात रोज एकेका गुणाचा दिवस असतोय म्हनं. उद्याचा कुठला?”

“उत्तम संयम.”

“म्हंजे काय करायचं?”

“म्हंजे काय बी झालं तरी आवरायचं.”

“काय बी?”

“काय बी,” मी म्हणालो आणि वर फुशारकी मारली, “आमच्यात ताकदच हाय तशी.” त्यानं मान हलवली, अगदी विद्यार्थ्यासारखी. मला त्या वेळी वाटलं, पोरगं चौकस आहे. पेपर मीच फोडला होता, हे नंतर लक्षात आलं.

सकाळी पूजा संपून लोक बाहेर येतात तो बस्तीच्या दाराला तोरण. मुळा, कांदा, बटाटा, गाजर, बीट, आणि मधोमध पदकासारखा एक सुरण. जमिनीखाली पिकणारं जे-जे आम्ही या दिवसांत तोंडात घालत नाही ते सगळं एका तारेत ओवलेलं, दोन्ही बाजूंना समान अंतरावर. काम सुबक होतं, हे मला मान्य करावं लागेल. खाली खुर्ची टाकून वीरधवल, मांडीवर भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा, फोन समोर तिवईवर उभा. आधी बाहेर आले ते आमचे विश्वस्त; त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि सवयीनं विचारलं, “सुरन कसा दिला?” वीरधवलनं भाव सांगितला. ते म्हणाले, “जरा महागच,” आणि मग काय आहे ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं पाहिलं. काही जण मान खाली घालून तोरणाखालून गेले. अंबूआजीला मात्र जाता येईना. ऐंशीच्या पुढची बाई, लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून रोज ये-जा केलेली. ती आतून उंबऱ्याशी आली, वर पाहिलं आणि तिथंच खाली बसली. रडली नाही, काही नाही. पाय दुखतात म्हणाली. तिचे पाय दुखत नव्हते.

तिच्या मागून माझी आई आली. प्रभावती मगदूम, उपासाचा सहावा दिवस, पोटात फक्त उकळून गार केलेलं पाणी. वीरधवल उठून उभा राहिला, मोठ्या माणसाला मान देतात तसा, आणि कांद्याची पाकळी पुढं केली. “काकी, सा दिस झालं म्हनं. घ्या की एवडीशी. देव बघंल म्हनत असला तर क्यामेरा तिकडं फिरवतो.”

आईनं पदर सावरला, पायाखाली मुंगी आहे का पाहिलं आणि बाजूनं निघून गेली. मी तोरणातला मुळा ओढला आणि वीरधवलच्या कानावर हाणला. कट्. मुळा मोडला. आता इथं कुणीही थांबला असता. मारून झालं होतं, हत्यार संपलं होतं, पाल्याचा देठ तेवढा माझ्या मुठीत होता. वीरधवल हसला. त्याला हवं ते मिळालं होतं, कानावर मुळ्याचा रस आणि डोळ्यांत वळूच्या वेळची चमक. आणि मग मी दोन्ही हातांनी त्याला ढकललं. खुर्ची, कांदा, पायरी, मनगट. पुन्हा कट्, तोच आवाज, फक्त जरा ओला.

मुळा मोडला तिथं त्याची चिथावणी संपली. ढकलणं त्यात नव्हतं. मी धंद्यातला माणूस आहे, ब्रेकच्या खुणा कुठं संपतात ते मला कळतं. आणि आणखी एक गोष्ट कळते, जी मी कुणाला सांगितली नाही कारण कुणी विचारलीच नाही. ढकलताना मला मजा आली. लहानपणी विहिरीत पहिली उडी मारली होती तशी, पोटात काहीतरी वर-वर येत गेलं. जन्मभर आम्ही पाणी गाळून प्यालो, दिव्यावर किडा येईल म्हणून सूर्य मावळायच्या आत जेवलो, मी झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतो आणि ते परत आलं की त्याची माफी मागतो. आणि एवढं सगळं करून आत एक जागा होती, झाडून-लोटून ठेवलेली, जिथं बसून मी कुणाच्या तरी छातीत दोन्ही हात घालायची वाट पाहत होतो. वीरधवलच्या तोरणात मुळा होता, कांदा होता, सुरण होता. आनंद नव्हता. तो मी घरून आणला होता.

पुढचं पटकन झालं. मंडळाची पोरं इकडून धावली, आमची तिकडून. कालपर्यंत एकमेकांच्या गाडीतलं पेट्रोल काढणारी पोरं एकमेकांना आडनावानं हाक मारायला लागली. खुर्च्या उचलल्या गेल्या. कुणीतरी गटाराच्या मधोमध उभं राहून काहीतरी घोषणा दिली, ती दोन्ही बाजूंना आपली वाटली नाही म्हणून दोन्ही बाजूंनी त्याला मारलं. मग मांडवातून हंबीररावांचा आवाज आला, “थम!” तो आवाज सरहद्दीवरून आणलेला आहे. सगळे जागच्या जागी थांबले, एकाचा तर डावा पाय वरच राहिला. हंबीरराव चालत आले, भाच्याकडं पाहिलं, तोरणाकडं पाहिलं, उंबऱ्यात बसलेल्या अंबूआजीकडं पाहिलं. मग टोपी काढून विश्वस्तांसमोर उभे राहिले. “कसूर आमचा. आमच्या पोरानं काडी लावली. लावनाराच जबाबदार.”

“आवं, पन हात तुमच्या पोराचा मोडलाय,” विश्वस्त म्हणाले.

“त्येनंच मोडून घितला म्हना.”

“तसं बी आमचं पोर लय गुणाचं. त्याच्याकडनं करवून घितलं ह्येनं.”

“करवूनच घितलं,” हंबीरराव म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांचे हात धरले. मी मधे उभा होतो, मुठीत मुळ्याचा देठ. “मी मारलं,” मी म्हणालो. दोघांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं लग्नात मुलाकडच्या आणि मुलीकडच्या मंडळींचं जमत आलेलं असताना नवरदेवानं काहीतरी बोलावं.

हवालदार आले तेव्हा मी सरळ त्यांच्याकडं गेलो. नाव सांगितलं, काय केलं ते सांगितलं. त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि थांबले. “मगदूम, तुमी जैन न्हवं?”

“व्हय.”

“मग तुमी कसं मारशीला?”

“दोन्ही हातांनी.”

“तसं न्हवं. तुमच्यात मारत न्हाईत ना.”

“मी मारलं की पन.”

“हत्यार?”

“मुळा.”

त्यांनी पेन खिशाला लावलं. “मगदूम,” ते अतिशय मायेनं म्हणाले, “गावात शांतता हाय. तुमी एकटं कशाला बिघडवताय?” चहा आला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कोपऱ्यावर भाजी विकणारी मनुबाई सगळं पाहत उभी होती, तिला मी साक्षीला बोलावलं. ती म्हणाली, “मी बगितलं. पर त्यो मुळा माझा न्हवं. माझा एका दनक्यात मोडत न्हाई.”

घरी आई उन्हात बसली होती. मला वाटलं होतं, निदान ती तरी रागवेल; गावाचं एकमत झालं असलं तरी आईचं वेगळं मत असायला घटनेनं हरकत घेतलेली नाही. मी म्हणालो, “आई, तुझा अपमान झाला म्हणून माझा हात सुटला.” तिनं डोळे उघडले. “माझा कुटं झाला? मी गेले की बाजूनं.”

“पण तुला राग आला असंल ना?”

“न्हाई आला. सा दिस उपाशी मानसाला राग परवडत न्हाई.” मग म्हणाली, “तू माझ्या वतीनं रागावलास रं. मला इचारलंवतंस का?” एवढं बोलून तिनं पुन्हा डोळे मिटले. मी अंगणात उभा राहून विचार करत राहिलो. तोरण एकच होतं. त्याच्याखालून कितीतरी जण गेले, विश्वस्त गेले, आई गेली. सगळ्यांना एकच मुळा दिसला होता आणि मुळ्यापर्यंत एकट्याचा हात गेला. विहिरीवरच्या मोटरीला आमच्याकडं आटो बसवतात, लाईट आली की ती आपोआप सुरू होते, शेतकरी झोपलेला असला तरी. गाव म्हणत होतं की मी तसा आहे. वीरधवलनं लाईट सोडली, मोटर चालू झाली, मोटरीला कोण बोलतं? लोक हे प्रेमानं म्हणत होते, वर बिस्किटं देत होते. मला पहिल्यांदा कळलं की निर्दोष सुटणं म्हणजे काय. आपण तिथं नव्हतोच असं सगळ्यांनी आपल्याला समजावणं. आणि मी तर तिथं होतो. आयुष्यात इतका हजर मी कुठंच नव्हतो.

भरती हुकली. प्लास्टर घातलेल्या हातानं साताऱ्याच्या मैदानात कुणी उभं करत नाही. वीरधवलला आणखी एक साल मिळणार होतं, त्यानंतर वय संपत होतं. हंबीररावांनी त्याला त्या सकाळचा व्हिडिओ पुसायला आणि खातं बंद करायला लावलं आणि शिक्षा सुनावली: पुढच्या भरतीपर्यंत इथंच राहायचं, गावाच्या नजरेसमोर. मला वाटलं, आता तो माझ्यावर चिडेल, निदान शिवी देईल. मी मुद्दाम त्याच्या खाटेसमोरून दोनदा गेलो. तो उठून बसला. “दादा, सगळं माझ्यामुळं झालं. शंभर टक्के. तुमी निस्तं निमित्त.”

“निमित्त तुझा मामा,” मी म्हणालो. “मी ढकललं तुला.”

“कन्टेन्ट माझा व्हता दादा.”

“मनगट मी मोडलं.”

“पर आयडिया कुनाची?” तो म्हणाला, आणि मला दिसलं की यालाही वाटून घ्यायचं नाही. त्याला सगळंच्या सगळं पाहिजे होतं. डिवचणाऱ्याचा हा माज असतो. समोरची माणसं त्याला माणसं वाटत नाहीत, बटणं वाटतात, आणि दोष घेतानासुद्धा तो बटणांना दोष देत नाही. मोठेपणा केवढा. मी त्याच्या खाटेशी उभा राहून पुन्हा चिडलो आणि चिडलोय हे कळून मला बरं वाटलं, कारण या वेळी हात मी खिशात घातले. मोटरीला खिसे नसतात.

पर्व संपल्यावर क्षमावाणी येते. त्या दिवशी आमच्यातला प्रत्येक जण प्रत्येकाची माफी मागतो, कळत केलेल्याची, नकळत केलेल्याची, काही केलेलंच नसलं तरीही. सुंदर रीत आहे. फक्त एका माणसाची तिच्यात फार अडचण होते, ज्यानं खरंच काहीतरी केलेलं असतं. मी सकाळपासून हात जोडून फिरत होतो, “उत्तम क्षमा, मी मारलं,” आणि लोक माझं वाक्य संपायच्या आत म्हणत होते, “उत्तम क्षमा, उत्तम क्षमा, आमचं बी काय चुकलं असंल.” आणि पुढं जात होते. मी विश्वस्तांना धरलं, त्यांनी उलट माझीच माफी मागितली, गेल्या वर्षी माझी सायकल न विचारता नेली म्हणून. एवढ्या माफ्यांत खरा आंबा कुठला आणि प्लॅस्टिकचा कुठला ते कळेना. एवढ्यात हंबीरराव भाच्याला घेऊन आले. वीरधवलनं चांगल्या हातानं नमस्कार केला, सगळ्यांनी त्याला क्षमा केली, पोरांनी त्याच्या प्लास्टरवर पेनानं लिहायला सुरुवात केली. उत्तम क्षमा, उत्तम क्षमा, एकानं वर मोराचं चित्र काढलं. मी पेन मागून घेतलं आणि मनगटाच्या बरोबर वर, जिथं आत हाड होतं, तिथं लिहिलं: ‘मोडलं – सन्मती.’ खाली तारीख घातली. सर्व्हेला आम्ही तारीख घालतोच.

वीरधवलनं वाचलं. “दादा, ह्ये कशाला?”

“असू दे. तुला विसर पडंल.”

प्लास्टर काढायच्या दिवशी मी सांगलीत रजा टाकून त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी करवतीनं ते बरोबर माझ्या नावातून कापलं. मी ते तुकडे मागितले. ते म्हणाले, देता येत नाहीत, नियम आहे, आणि पिवळ्या डब्यात टाकले. माझ्याबद्दलचा एकमेव लेखी कागद, म्हणजे चुना, तोही गेला. बाहेर आल्यावर वीरधवलनं हात वळवून पाहिला. हात बारीक झाला होता, दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा. एसटीत तो खिडकीशी बसला आणि मी त्याची पिशवी मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याबरोबर पळायला लागलो. कुणी शिक्षा देईना, तेव्हा मी बाजारात उपलब्ध असलेली घेतली. कॅनॉलच्या रस्त्यानं, ऊस दोन्हीकडं उभा, तो पुढं आणि मी मागं, दम्याच्या बोकडासारखा. पळणं ही किती वाईट गोष्ट आहे हे ज्यांना पळायचं नसतं त्यांनाच कळतं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा उसात बसलो. तो परत येऊन मला उठवायचा. “दादा, तुमची कुठं भरती हाय?” मी म्हणायचो, “माझी झालीय. तुझी करायचीय.” पोटात तेच वर-वर यायचं, विहिरीतल्या उडीसारखं, आणि मला हसू यायचं; म्हणजे ती आतली जागा काही वाईटच नव्हती, तिथं फक्त चुकीचा पाव्हणा उतरला होता. मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याला वाटायचं की मी रडतो आहे. तो वेग कमी करून विचारायचा, “सोडू का फुडं?”

एकदा पळता पळता मी विचारलं, “अंबूआजीकडं गेलातास?”

“क्षमावाणीला सगळ्यांना नमस्कार केला की.”

“तिला केलास?”

तो थांबला. अंबूआजी तेव्हापासून बस्तीत मागच्या दारानं जात होती. पुढच्या दारात पाय दुखतात म्हणायची. “ती दार लावंल,” तो म्हणाला.

“तर भाईर बस.”

“कवापत्तूर?”

“मला काय इचारतोस? माझं मनगट, तुझी आजी.”

तो गेला. तिनं खरंच दार लावलं, आणि तो खरंच बाहेर बसला, दोन सकाळी. तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली आणि म्हणाली, “तोरन बांदायला येतंय न्हवं तुला? मग आंब्याच्या पानांचं बांद.” त्यानं बांधलं, बस्तीच्या त्याच दाराला, बारीक झालेल्या हातानं, शिडीवर चढून. खाली अर्धं गाव उभं. मी शिडी धरली होती. आजी उंबऱ्यापाशी आली, वर पाहत राहिली, बराच वेळ. “डाव्या अंगाला झुकलंय,” ती म्हणाली. “मागलं सरळ व्हतं.” आणि तोरणाखालून आत गेली. हंबीररावांनी नाक पुसलं, मिशी शाबूत ठेवून.

परवाच्या सकाळी, खानावळीच्याच दिवशी, आम्ही कॅनॉलच्या पुलावर दम खात बसलो होतो. मी जास्त खात होतो. वीरधवल मनगट चोळत म्हणाला, “मामा काल इचारत व्हता, भरती कुनामुळं हुकली ते सांग म्हनून.”

“काय सांगितलंस?”

“माझ्यामुळं.” मग, माझ्याकडं न पाहता, “पर थंडीचं ठनकतंय ह्ये. ठनकलं की पयलं तुमचं नाव घेतो. सरळ न्हाई घेत. लय वंगाळ घेतो.”

“खरंच?”

“आईशप्पथ.”

“किती?”

“ठनकंल तेवडं.”

मला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. सबंध तालुक्यात एक माणूस निघाला होता ज्यानं मला तिथं पाहिलं होतं. मी उठलो आणि त्याच्या पुढं पळत सुटलो, दुधाच्या गाडीच्याही पुढं, आणि गाडीवाला हात हलवून ओरडला की सोडायची गरज दिसत न्हाई. ऊस वाऱ्यानं हलत होता. मी त्यालाही हात केला.

आणि दुपारी तो मुळा. कट्. तेव्हा मला कळलं की वीरधवलच्या शिव्या चांगल्या आहेत, पण थंडीपुरत्याच आहेत. उन्हाळ्यात ठणका जाईल, पुढच्या सालात तो भरती होऊन सरहद्दीवर जाईल, तिथं त्याला ठणकायला दुसरं काहीतरी मिळेल. मग माझं काय? शेतीचं बघा, वाटण्या होतात, माणसं मरतात, पण बांध कुणाचा ते सातबाऱ्यावर असतं. सोसायटीचं कर्ज काढलं की उताऱ्यावर, ‘इतर हक्क’ या रकान्यात त्याचा बोजा चढतो, आणि फेडल्याशिवाय तलाठी तो उतरवत नाही, कितीही चहा पाजा. एवढी भरवशाची जागा पोलिसांकडं नाही, बस्तीत नाही, प्लास्टरवर तर नाहीच. मी ताट बाजूला सारलं, साहेबांचे सर्व्हेचे कोरे कागद होते त्यातला एक घेतला. समोरच्या गृहस्थांनी शेवटची फोड चावली. मी हात वर केला नाही. दोन्ही हात कामात होते.

प्रति, मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. अर्जदार सन्मती प्रभावती मगदूम, राहणार हिंगणमळा. विषय: दोषाची नोंद होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करतो की, भाद्रपदात मौजे हिंगणमळा येथे न घडलेल्या घटनेत श्री. वीरधवल यांनी बुद्ध्या खोडी काढली, तिचा दोष त्यांचे नावे असून त्यात अर्जदारास हिस्सा नको. तथापि मुळा मोडल्यानंतर जे ढकलणे झाले, ते अर्जदाराने स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत व आनंदाने केले असून ते कोणाही इसमाने करवून घेतलेले नाही. सबब, अर्जदाराच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात सदर मनगटाचा बोजा अर्जदाराच्या एकट्याच्या नावे चढविण्यात यावा, तो कोणत्याही क्षमावाणीने, एकमताने अथवा चहाने कमी करण्यात येऊ नये, आणि या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करू नये, ही नम्र विनंती.